नदीकडचा खांदा

टप्पकन डब्याचं झाकण उघडलं आणि जेवणानंतर सुस्तावून गप्प झालेलं घर जरासं हललं.

आरतीनं पडल्या पडल्याच ओळखलं. बिस्किटांचा तो जुना पत्र्याचा डबा. झाकणाची एक बाजू चेपलेली, त्यामुळं उघडताना ते असं बोलायचं. कल्याणनं पुन्हा गळ काढले होते.

आठवा महिना लागला होता. डाव्या कुशीवरून उठायचं म्हणजे आधी हात, मग कोपर, मग सगळा जीव गोळा करायचा. ती उठून उंबऱ्याशी आली. बाहेरच्या खोलीत फरशीवर जुनं वर्तमानपत्र पसरून कल्याण बसला होता. पुढ्यात गळ, तंगुसाची रिळं, शिशाचे मणी आणि मोरपिसाच्या देठाचे तरंगे. समोर मांडी घालून सात वर्षांची संस्कृती. कल्याण चिंधीला तेल लावून एकेक गळ पुसत होता. सहा महिन्यांत त्यातला एकही गळ पाण्यात गेला नव्हता, तरी दर सुट्टीला ही पुसापुशी चालायचीच.

"पप्पा, आपण जायचंच न्हाई तर पुसता कशाला?"

"गंज चढतो."

"मग जाऊया ना एकदा."

"बाळ आल्यावर. तवर जीव मारायचा नसतो."

हे संस्कृतीच्या आजीचं वाक्य होतं. छबूबाईंनी आरतीला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी लेकाला बजावलं होतं. मासा धरायचा नाही, कोंबडं कापायचं नाही, दाढीला हात लावायचा नाही आणि कुणाच्या तिरडीला खांदा द्यायचा नाही. पोटुशीच्या नवऱ्यानं हे पाळायचं असतं. नागापूरच्या वर्कशॉपात लेथवर काम करणारा, मायक्रोमीटरनं केसाएवढा फरक ओळखणारा कल्याण यातलं अक्षर न अक्षर पाळत होता. दाढी छातीकडं निघाली होती. शिफ्टमधली पोरं त्याला 'बाबाजी' म्हणायची, जेवणाच्या सुट्टीत त्याच्या पाया पडून नोकरी पर्मनंट होण्याचा आशीर्वाद मागायची. तो हसायचा. हसता हसताच बाजूला जाऊन आरतीला फोन लावायचा. बाकी काही नाही, एवढंच विचारायचा, "हललं का गं?"

संध्याकाळी आला की डब्याची पिशवीसुद्धा खाली न ठेवता तिच्या पोटावर हात. आत बाळानं ढुशी दिली की मग चपला काढणार, मग चहा. आणि चहानंतर दाराआडच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेनानं एक मासा काढणार. इवलासा, दोन रेघांचा. पाचव्या महिन्यापासून एकही चौकोन रिकामा नव्हता. छंद सुटला नव्हता त्याचा, भिंतीवर येऊन बसला होता.

"हा कुणाचा?" संस्कृतीनं एक तरंगा उचलला.

"कारभारी तात्यांनी दिलेला. तुझ्याएवढा होतो मी तेव्हा."

झालं, आता कोल्हारची गोष्ट निघणार. आरती दाराच्या चौकटीला टेकली. या गोष्टी तिला पाठ होत्या, पण सांगताना त्याचा चेहरा मोकळा व्हायचा. तो बघायला ती थांबायची. प्रवरेवरच्या पुलाखाली सावलीत बसलेले तात्या. त्यांचं काही नातं नव्हतं, शेजारचा मळा एवढंच. कल्याणचे वडील लवकर गेले तेव्हा या माणसानं पोराला काही न बोलता नदीवर नेलं आणि हातात वेळूची काठी दिली. "तरंग्याकडं बघ. मासा दिसत न्हाई, पण हाय का न्हाई ते तरंगा सांगतो." तात्यांची शिकवणी एवढीच. वर्षभर पोरगा तरंग्याकडं बघत राहिला आणि त्याचं रडणं कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही.

"आणि तात्या काय म्हणायचे सांगा," संस्कृती म्हणाली. तिलाही पाठ होतं.

"म्हणायचे, कल्याण, मी मेल्यावर माझा पोरगा रंगनाथ पुढं मडकं धरंल. तू खांदा द्यायचा. नदीकडचा. दुसऱ्या कुणाला त्या बाजूला लागू देऊ नको. जाता जाता पाणी केवढं हाय ते मला हळूच सांग." तो हसला. "आणि वर म्हणायचे, उंची वाढव जरा. न्हाईतर तिरडी एकीकडं कलंडंल आणि मी थेट डोहात!"

संस्कृती खिदळली. आणि तेवढ्यात फोन वाजला.

फोन रंगनाथचा होता. कल्याण नुसतं "हं" म्हणत राहिला. तीनदा हं. मग म्हणाला, "माती किती वाजता?" फोन ठेवला आणि पुढ्यातले गळ एकेक करून डब्यात ठेवू लागला. घाई नाही, काही नाही. शेवटचा गळ बोटात घुसला तेव्हा कुठं तो थांबला.

"तात्या गेले," बोटाकडं बघत तो म्हणाला. "पाच वाजता नदीवर."

छबूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. आधी पदर डोळ्याला लागला. कारभाऱ्यांनी त्यांच्याही संसाराला पडत्या काळात टेकू दिला होता. पण डोळे कोरडे व्हायच्या आत त्या बोलल्या, "जा. जायलाच पायजे. पन लांब उभा ऱ्हा. खांदा न्हाई. आपल्याला येकदा घडलंय."

आपल्याला येकदा घडलंय. या तीन शब्दांवर हे घर तीन वर्षं उभं होतं.

तेव्हा ते कोल्हारलाच राहत होते आणि आरतीला असाच आठवा होता. मंगळवारी कल्याणचा जिवाभावाचा मित्र गोरक्षनाथ टेम्पोखाली गेला. कल्याणनं कुणाचं न ऐकता त्याला खांदा दिला. गुरुवारी दवाखान्यात डॉक्टरांनी पोटावर मशीन फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि बाजूला ठेवून दिलं. मुलगा होता. छबूबाईंनी वार जुळवले. मंगळवारी खांदा, मंगळवारीच बाळाचं हलणं बंद. लेकाला त्या एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती. त्यानं स्वतःच ते उचललं आणि आजवर खाली ठेवलं नव्हतं.

पण बाळ मंगळवारी थांबलं नव्हतं.

हे पक्कं एकट्या आरतीलाच ठाऊक होतं. रविवारी सकाळपासूनच पोट गप्प होतं. तिनं गूळ खाल्ला, पाणी प्यायली, डाव्या कुशीवर झोपून बघितलं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "भरत आलं की जागा कमी पडती, मंग निजतंय ते." कल्याण नदीवर होता, फोन लागत नव्हता. दिवस मावळताना तो आला तो हातभर मरळ नाचवतच. एवढा मोठा मासा त्याला कधी लागला नव्हता. आळीतली माणसं बघायला आली, तात्या आले. त्या आनंदात तिच्यानं तोंड उघडवेना. उद्या सांगू, म्हणाली. सोमवारी वाटलं, मघाशी काहीतरी हललं बहुतेक. आणि मंगळवारी गोरक्षनाथची बातमी आली.

गुरुवारी डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं हलणं कधी जाणवलं?" शेजारी सासूबाई उभ्या होत्या, दारात कल्याण. रविवार म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग चार दिवस काय केलंत? आरतीच्या तोंडून निघून गेलं, "मंगळवारी सकाळपर्यंत होतं." तेवढंच. तिला कुठं माहीत होतं की मंगळवार आधीच दुसऱ्या कशाला तरी बांधलेला आहे? पुढं घरी आल्यावर सासूबाईंनी गाठ मारली तेव्हा ती अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडली होती, छातीला घट्ट फडकं बांधून, दूध सुकावं म्हणून. तेव्हा बोलायला हवं होतं. नंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा उशिराचा होत गेला.

कल्याणनं पांढरा सदरा घातला. छबूबाईंनी बाधा नको म्हणून खिशात बिब्बा टाकला. तो गाडीची किल्ली शोधत होता, ती त्याच्या हातातच होती.

आरती त्याच्यामागं ओट्यापर्यंत आली.

"अहो, खांदा द्या तात्यांना."

तो वळला. "काय बोलतेस?"

"द्या. चार पावलं चाला त्यांच्यासोबत. काही होत नाही त्यानं."

"आरती, मागं काय झालं ते विसरलीस?"

"ते त्याच्यामुळं नव्हतं झालं."

"मग कशामुळं?"

त्यानं रागानं नाही विचारलं. खरोखरच विचारलं, रस्ता चुकलेला माणूस विचारतो तसं. आरतीच्या घशापर्यंत रविवार आला. पोटात बाळ सावकाश वळलं. मागं सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या.

"डॉक्टर म्हणाले होते ना," ती म्हणाली, "कधी कधी होतं असं."

त्यानं मान हलवली, लहान पोराची समजूत पटल्यासारखं दाखवावं तशी. "उन्हात उभी राहू नको," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

नागापूरहून कोल्हार म्हणजे राहुरी गाठायची, मग पुढं ट्रकांच्या मागं मागं. आरतीनं मनातल्या मनात त्याच्याबरोबर सगळा रस्ता केला. पाच वाजले, साडेपाच. छबूबाई देवापाशी माळ घेऊन बसल्या होत्या. संस्कृतीनं डब्यातला तो तरंगा काढून भाताच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात सोडला होता आणि त्याच्याकडं बघत बसली होती. आरतीनं दोनदा फोन हातात घेतला. अशा गोष्टी फोनवर सांगतात का? आणि सांगितल्या तर तो मसणवाटेत उभा राहून काय करील? तिनं फोन उशीखाली ठेवला. चुकीची वेळ शोधून काढण्यात ती आता पटाईत झाली होती.

दिवेलागणीनंतर तो आला. छबूबाईंनी बाहेरच गरम पाण्याची बादली ठेवली होती. डोक्यावरून अंघोळ करून, ओल्या दाढीनं तो आत येऊन बसला. चहा पुढं ठेवला तर कपाभोवती नुसते हात धरून राहिला.

"गर्दी होती?" छबूबाईंनी विचारलं.

"लई."

"खांदा?"

"न्हाई दिला."

सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि भाकरी टाकायला आत गेल्या. मग तो आरतीशी बोलला, हळू आवाजात.

"बाभळीखाली उभा होतो. तिरडी उचलायची वेळ झाली तसं रंगनाथनं नदीकडची बाजू मोकळी ठेवली. हातात मडकं धरून उभा राहिला, माझ्याकडं बघत. मी चपलांकडं बघत राहिलो. एक जण म्हणाला, काय रे कल्याण, ज्यानं तुला माणसात आणला त्याच्यासाठी चार पावलं न्हाई व्हय चालवत? रंगनाथच त्याला म्हणाला, असू द्या, त्याची बायको गरवार हाय." त्यानं कप बाजूला सारला. "मग सगळ्यांना पटलं गं. एकदम पटलं. त्याच्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"पाणी होतं का नदीला?" आरतीनं विचारलं.

"गुडघ्याएवढं. सांगायचं होतं मला त्यांना."

त्याचा आवाज तिथंच फुटला. गोरक्षनाथ गेला तेव्हाही तो रडला नव्हता, बाळ गेलं तेव्हाही नाही. आरती त्याच्याजवळ सरकली आणि त्याचा गार हात उचलून तिनं आपल्या पोटावर ठेवला. सांगायचंच, असं ठरवून ठेवला. अहो, ऐका, एवढं म्हणायचं, मग पुढचं आपोआप येईल.

"अहो, ऐका..."

आतून बाळानं दणका दिला. हात उडावा एवढा.

कल्याण रडता रडता हसला. नाक पुसलं आणि दुसराही हात पोटावर ठेवला. "बघ," तो म्हणाला, "बघ, आहे. तात्यांना नाही दिला खांदा, पण हे राहिलं. तात्या समजून घेतील. त्यांना माहीतच होतं, मी कशापायी..." आणि त्याच्या तोंडावर, तीन वर्षांत पहिल्यांदाच, केलेल्या गोष्टीचं फळ मिळाल्यासारखं काहीतरी उजळलं.

आरतीनं उघडलेलं तोंड मिटलं.

तो उठला, खिशातलं पेन काढून दाराआड गेला. मासा काढल्याचा आवाज आला, दोन रेघांचा. संस्कृती पातेल्यातला तरंगा मुठीत धरून त्याच्यामागं जाऊन उभी राहिली. मान वर करून तिनं कॅलेंडरचं पान उचललं, मागचा महिना बघितला, त्याच्या मागचाही. सगळीकडं मासेच मासे.

"पप्पा, मागच्या बाळाचे मासे कुठंयत?"

"तेव्हा काढत नव्हतो गं मी."

ती विचार करत आली आणि ओला तरंगा आईच्या पोटावर आडवा ठेवून बघू लागली, हलतो का. हलला. तशी आईकडं बघून म्हणाली,

"मम्मी, मग ते बाळ हलायचं थांबलं त्या दिवशी तू कुणाला सांगितलं?"