जास्तीचं गंधक

रबराच्या कारखान्यात ती माल तपासायची. हे काम तिला शिकवलं मिश्रण करणाऱ्या काकांनी. नात्यातले नव्हेत, पण सगळेच त्यांना काका म्हणत.

"रबर म्हणजे लांबच लांब साखळ्या, पोरी," पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले होते. "गंधकाचे अणू त्यांच्यात पूल बांधतात. पूल कमी पडले तर माल लिबलिबीत, जास्त झाले तर तडकतो. आणि नुसतं गंधक मोजून भागत नाही. उष्णता, वेळ, जस्ताची पूड, सगळ्यांची मर्जी सांभाळावी लागते."

पाच वर्षांनी पंपांच्या रबरी रिंगा गिऱ्हाइकाकडे तडकायला लागल्या. तपासणीच्या कागदावर सही तिची. साहेबांनी सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी काढली. तिनं खालमानेनं माफी मागितली.

मग आठ दिवस ती डोकं फोडत राहिली. साच्यांचं तापमान पाहिलं, घड्याळं तपासली, जुने कागद उपसले. काका रोज डोकावायचे.

"अणूंचा काय भरवसा? तुझ्याच नजरेतून काहीतरी निसटलं असेल. मनाला लावून घेऊ नकोस."

नवव्या दिवशी तिनं एक जुनी चांगली रिंग आणि एक तडकलेली रिंग दोन बरण्यांत, रबर फुगवणाऱ्या द्रावकात टाकली. संध्याकाळपर्यंत जुनी टम्म फुगली. तडकलेली जेमतेम. पूल इतके दाट, की साखळ्यांना हलायलाही जागा नव्हती.

ती तडक मिश्रणाच्या खोलीत गेली.

"काका, गंधक तुम्ही वाढवलंत?"

त्यांनी फडक्याला हात पुसले. "माल लवकर तयार होतो. ऑर्डर घाईची होती. वाटलं, खपून जाईल."

"मी माफी मागत होते, तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात."

"माझं एकच वर्ष राहिलंय गं. तू तरुण आहेस, तुला कुठेही काम मिळेल."

घाईत माणूस चुकतो, त्याचा तिला एवढा राग नव्हता. पण अशा रिंगा नव्या असताना तपासणीत पास होतात आणि महिन्याभरानं तडकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिला काय येत नाही, हेही त्यांनाच ठाऊक होतं. शिकवलं होतं त्यांनीच. त्या न येण्याच्या आड ते आठ दिवस लपून बसले होते.

तिनं साहेबांना सगळं सांगितलं. काकांना त्याच आठवड्यात घरी बसवलं. तिची माफी मात्र कुणी मागितली नाही.

शेवटच्या दिवशी काका फाटकापाशी थांबले होते, बहुधा तिच्यासाठीच. ती मागच्या दारानं निघाली, आणि बसमध्ये बसल्यावर तिला हमसून हमसून रडू आलं.