‘सेव्ह’चे पान नसलेला शब्दकोश

मी एक जुना शब्दकोश आहे, मित्रांनो. संगणकातल्या इंग्रजी शब्दांना फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते सांगणारा. गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा लहान झाला, त्यानंतर काही वर्षांनी रेणूने मला नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून भंडाऱ्याला आणले.

तिचे वडील टिकाराम कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कापड विणत. मागाच्या खटखटीत रेणू मोठ्याने शब्द पाठ करी. संगणकाच्या माउसला फ्रेंच लोकही उंदीरच म्हणतात आणि त्या शब्दाचा उच्चार ‘सुरी’ असा होतो, हे ऐकून वडिलांनी माग थांबवला. “उंदराले सुरी म्हणतेत, तं सुरीले काय म्हणत असन?” सगळे घर हसले. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे पुण्याच्या एका कंपनीने रेणूला अनुवादाच्या परीक्षेला बोलावले. शब्दकोश सोबत नेण्याची मुभा होती. त्याच आठवड्यात तिची जिवलग मैत्रीण डिंपल मला मागून घेऊन गेली. तिलाही फ्रेंच शिकायचे होते. झेरॉक्सच्या दुकानात यंत्राच्या काचेवर मी सपाट पसरेना, म्हणून तिने एक पान उसवून काढले. तेवढ्यात वीज गेली. अंधारात पान दुकानातच राहिले आणि मी तसाच रेणूकडे परतलो. डिंपल काही बोलली नाही. मला तर बोलताच येत नव्हते.

परीक्षेत ‘सेव्ह’ हा शब्द आला. रेणूने मला उघडले, पाने मागेपुढे चाळली. तेच पान नव्हते. फाइल सेव्ह करण्याला फ्रेंच लोक ‘नोंदवणे’ म्हणतात. रेणूने मात्र बुडत्या माणसाला वाचवण्याचा शब्द लिहिला, आणि तोही प्रत्येक ओळीत. काम दुसऱ्या कोणाला मिळाले.

ते कळल्यावर डिंपल रडत आली. “पान म्याच काढलं होतं. सांगाले लाज वाटली.”

रेणूने मला मिटून बाजूला ठेवले. मग म्हणाली, “पानाचं काई नाई. तू सांगतली असती, तं मी त्या पानावरचे शब्द फ्रेंचच्या सरांले विचारून गेली असती.”

रेणू आता भंडाऱ्याजवळच्या शहापूरला मुलींना संगणक शिकवते. फ्रेंच सुटले. डिंपल लग्न होऊन सानगडीला गेली. माहेरी आली की आमच्या दारासमोर तिची चाल मंदावते. रेणूही हातातले काम थांबवते. हाक कोणीच मारत नाही.

मित्रांनो, मागून आणलेली वस्तू तुमच्या हातून बिघडली, तर लाजू नका, त्याच दिवशी सांगून टाका. माझ्या पोटात हजारो शब्द आहेत. या दोघींना पुन्हा बोलते करील असा एकही नाही.