शुक्रवारचा टायमर

मी टायमर बोलतोय. घाबरू नका, बॉम्बचा नाही. भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायचा, तळहाताएवढा साधा टायमर. माझ्या अंगावर एक चकती आहे आणि तिच्या कडेने शहाण्णव खुंट्या. एक खुंटी म्हणजे पंधरा मिनिटं. खुंटी दाबून ठेवली की तेवढा वेळ दिवा चालू, नाहीतर बंद. माझं शिक्षण एवढंच.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, एखाद्या बागेत ऐटीत कारंजं चालवीन. नेमणूक झाली बूट बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी, जेवणाच्या टेबलावरच्या दिव्यापाशी. घर यहुदी. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्या वेळात काम नाही, फोन नाही, विजेच्या बटणाला हात नाही. ते बटण दाबायला म्हणून मला आणलेलं.

बाकीचे दिवस मला कुणी हिंग लावून विचारत नसे. शुक्रवारी दुपारी मात्र घरातली एकुलती एक लेक हात पुसत यायची, माझी चकती खऱ्या वेळेवर फिरवायची आणि म्हणायची, "चल रे राजा, लाग कामाला." आठवड्यात माझ्याशी एवढंच काय ते बोलणं व्हायचं. मी त्यावर दिवस काढायचो.

ती चोवीस वर्षांची. वडिलांच्या दुकानात बुटांचे लाकडी साचे तासायची. एकदा एक पाय आखूड असलेल्या बाईसाठी तिने जाड तळव्याचा बूट बनवला. बाई दुकानात सरळ चालली, आणि ही घरी आली ती नवीन खूळ घेऊनच. तिला कृत्रिम पाय बनवायला शिकायचं होतं. ते शिक्षण दूरच्या शहरात, तीन वर्षांचं.

घरच्यांचं म्हणणं वेगळं. आईला तिचे दोनाचे चार हात करायचे होते. आत्याने तर स्थळच आणलं. "दोन गल्ल्या टाकून सासर. इथून हाक मारली की तिथून ओ येईल!" बाबा कमी बोलायचे, पण त्यांचं एक पालुपद ठरलेलं होतं. "तिथे आपली माणसं आहेत कुठे? प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुषसुद्धा जमत नाहीत." लेक मुकाट्याने ताटं उचलायची. मला तिची दया यायची आणि रागही यायचा.

मग तो शुक्रवार आला. दुपारी टपालाने पत्र आलं. तिने ते माझ्याशेजारी उभं राहून चार वेळा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मला हातही न लावता निघून गेली. आदल्या दिवशी दोन तास वीज नव्हती, त्यामुळे माझी चकती दोन तास मागे पडली होती. हे ओरडून सांगायला मला तोंड कुठे आहे?

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत आईने मेणबत्त्या लावल्या. बाबा प्रार्थनेहून आले, आत्या जेवायला होतीच. जेवण अर्ध्यावर असताना मेणबत्त्या संपल्या आणि माझा दिवा काही लागेना. बटण हाताच्या अंतरावर होतं. चौघांपैकी एकाचाही हात पुढे झाला नाही.

"टायमर कुणी लावायचा होता?" आत्याने विचारलं.

"मी. विसरले."

"लक्ष कुठे असतं गं तुझं हल्ली?" आई म्हणाली.

उजेड असता तर लेक गप्प बसली असती. अंधारात कुणाचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच ती बोलली असावी. "पत्र आलंय. मला घेतलंय त्यांनी. मला जायचंय."

कुणाचा तरी चमचा ताटात पडला.

"अगं, आणि त्या स्थळाकडच्या लोकांना मी काय तोंड दाखवू?" आत्या कडाडली.

"पोरी," बाबा म्हणाले, "तिथे दहा माणसं..."

"बाबा, त्या दहांत मला इथेही मोजत नाहीत."

मग तीच म्हणाली, "मी देवाला सोडून चालले नाही, तुम्हालाही नाही. शब्बाथ तिथेही पाळीन. तुम्ही नको म्हणालात तर राहीनही. पण मग जन्मभर तुमच्यावर रुसून राहीन, बाबा. ते मला नकोय."

साडेआठला माझी खुंटी आली आणि दिवा लागला. आई डोळे पुसत होती. बाबा लेकीकडे बघत होते, जणू ही कुणी पाहुणी. "शब्बाथ संपला की उत्तर लिही त्यांना," ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

निघायच्या दिवशी बाबांनी घरासाठी नवा टायमर आणला आणि मला तिच्या पिशवीत घातलं. त्याआधी आमच्या दोघांच्या खुंट्या आपल्या जाड बोटांनी, मोजून मोजून, सारख्या बसवल्या. "शुक्रवारी फोन तर करता येत नाही. तुझा दिवा आणि आमचा एकाच वेळी लागू दे, एकाच वेळी विझू दे."

आता मी भाड्याच्या एका खोलीत आहे. वर्गातली मुलं शनिवारी फिरायला जातात. त्यांना तिने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. शुक्रवारी ती दोन मेणबत्त्या लावते आणि एक ताट वाढून घेते.

गेल्या शुक्रवारी तिने बनवलेला पाय लावून एक म्हातारा नऊ पावलं चालला. ती जिना चढून धापा टाकत आली, फोन उचलला आणि खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य मावळला होता. तिने फोन तसाच ठेवून दिला. इतकी आनंदाची बातमी, आणि खोलीत ऐकायला फक्त मी.

साडेनऊला मी दिवा विझवला. तिथेही विझला असणार. अंधारात ती हळूच म्हणाली, "बाबा, चालला तो."

मी दिवा लावू शकतो, विझवू शकतो. "मग? पुढे काय झालं?" असं विचारायला माणूस लागतं. तुमच्यापैकी कुणी तिच्या मजल्यावर राहत असेल, तर एखाद्या शुक्रवारी तिचं दार वाजवा. खोलीत खुर्ची एकच आहे. येताना आपली घेऊन या.