काळजी घेतलेली दोरी

२००६ साली आमच्या डोंगरप्रेमींच्या ई-ग्रुपवर एकशे बारा सभासद होते आणि त्यांतले एकशे अकरा सभ्य होते. उरलेला धोंडीराम. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्रेनवर होता. कुठली दोरी किती वजन पेलते हे त्याला कळायचं. ते सांगायचं कसं, हे कळायचं नाही. एका पुणेकराच्या नव्या बुटांना त्यानं 'मयताची चप्पल' म्हटलं तेव्हा तिघे ग्रुप सोडून गेले. मग ठरलं, की धोंडीरामचा मजकूर आधी मॉडरेटर म्हणून माझ्याकडे यायचा आणि मी तो धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुढे लावायचा.

शुक्रवारी कागलच्या संग्रामनं फोटो टाकला. रविवारी आजऱ्याच्या पुढच्या एका कड्यावरून तो दोरीनं उतरणार होता. दोरी मंडळाची, दहीहंडीची. फोटोत ती गोठ्यात, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर वेटोळं घालून पडलेली.

धोंडीरामनं लिहिलं, "बॅटरीचं ॲसिड नायलॉन खातंय, वरनं दिसत न्हाय. मरशील. म्हस बी बांधू नगंस हिला."

म्हशीचा उल्लेख मला खटकला. मी लावलं : फोटो अप्रतिम! दोरीची काळजी घ्यावी, ही नम्र विनंती.

संग्रामनं आभार मानले. तेरा जणांनी हसरे चेहरे टाकले.

शनिवारी संध्याकाळी मी बसायचो त्या सायबर कॅफेत धोंडीराम आला आणि माझ्या खांद्यावरून ते वाचून गप्प बसला. धोंडीराम गप्प बसला की आसपासचे लोक लाइट गेली का ते बघायचे.

"ह्यात 'मरशील' कुठं हाय?"

मी म्हटलं, काळजीत ते येतंच.

"न्हाय येत."

संग्रामचा फोन बंद होता. ग्रुपवर लिहिलं असतं, तर त्यानं ते सोमवारी वाचलं असतं. वाचायला असता, तर. रविवारी उजाडताच स्कूटर काढली. वाटभर वाक्य जुळवत होतो. कागलला ते 'गैरसमज नसावा'पासून सुरू होत होतं, गडहिंग्लजला 'तसं पाहिलं तर'पासून. कड्यावर पोचलो तेव्हा दोरीचं एक टोक झाडाला बांधून झालं होतं आणि संग्राम कंबरेचा पट्टा आवळत होता. सोबत तीन मित्र.

मी म्हटलं, दोरीबद्दल जरा बोलायचं होतं.

"घेतली की काळजी," संग्राम म्हणाला. "काल साबणानं धुतली. वाळवली बी."

माझी सगळी वाक्यं संपली. मी दोरीच्या वेटोळ्यावर बसलो.

"मरशील, संग्राम."

त्यांना वाटलं, मला ऊन लागलं. माझ्याखालून दोरी सोडवायला चौघांनी मोकळं टोक धरलं आणि कड्यापासून लांब, शेताकडं ओढायला लागले. मी घसरलो. दोरी झाडापासून ताठ झाली आणि आवाजसुद्धा न करता तुटली. चौघे एकदम नाचणीत उताणे.

तुटलेल्या टोकाच्या शेवया झाल्या होत्या. संग्राम त्या बोटांनी चुरगाळत राहिला.

"शुक्रवारी ठावं हुतं तुला?"

"व्हय."

मी स्कूटरला किक मारली. परत येताना गडहिंग्लज कधी गेलं कळलं नाही.

सोमवारी संग्रामनं ग्रुपवर लावायचा मजकूर मुद्दाम माझ्याकडेच पाठवला. 'दोरी तुटली. वाचलो. मॉडरेटर गाढव हाय.' माझं बोट शेवटच्या वाक्यावर थांबलं. मग तसाच लावला.

दहा मिनिटांत पुण्याहून तक्रार आली : भाषा सौम्य असावी. मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग उठून खुर्ची मागं उभ्या असलेल्या धोंडीरामला दिली.