सासरा-जावयाची जोडी

जोड्या लावल्या तिथेच घोळ झाला, असं पुढे सगळेच म्हणाले. पुढे म्हणायला काय जातं? त्या दिवशी नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात पंख्याखाली बसून चहा-बिस्किटं खाताना एकानेही तोंड उघडलं नव्हतं. ज्याने उघडायला हवं होतं तो रखमाजी तर भिंतीवरचं कपाशीच्या बोंडाचं चित्र निरखत बसला होता.

रखमाजीचं अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या रस्त्यावर, बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं. वय अठ्ठावन्न, गळ्यात तुळशीची माळ, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. २००३ सालच्या हंगामात कपाशीची पाकिटं एवढी खपली, की कंपनीने जिल्ह्यातल्या बारा दुकानदारांना बक्षीस म्हणून थायलंडची सहल दिली. पेरण्या उरकल्या की निघायचं, बँकॉक आणि पट्टाया, चार रात्री. या बारांत रखमाजी होता आणि घनसावंगीचा बद्रीनाथही होता. बद्रीनाथ म्हणजे रखमाजीचा जावई, थोरल्या शिवकन्येचा नवरा.

सहलीचा म्होरक्या होता केशव, कंपनीचा तरुण अधिकारी. वकिलाच्या घरातला, पुण्यात शिकलेला. पोरगा मनाने चांगला आणि कामाला चोख. याआधी दोनदा तो अशाच सहली घेऊन तिकडे जाऊन आला होता, म्हणून त्याने प्रत्येकाच्या हातात मराठीत छापलेला एक कागद ठेवला आणि वाचूनही दाखवला. संध्याकाळी आपण ज्या रस्त्यावर जाणार आहोत तिथे दोन्ही बाजूंनी बार आणि नाचगाणी आहेत. बघा, हिंडा, पण पासपोर्ट हॉटेलातल्या तिजोरीत ठेवून मगच बाहेर पडा. हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा. उघडलेली बाटली कुणी दिली तर ती तोंडाला लावू नका, मग ती साध्या सरबताची का असेना. कुणी जिना दाखवून वर चला म्हणालं तर जाऊ नका. आणि काही झालं, कितीही लाजिरवाणं झालं, तरी मला लगेच सांगा. अंबडचा भुजंग हा त्यांच्यातला तोंडाळ माणूस. तो म्हणाला, साहेब, परत आल्यावर बायकोला काय सांगायचं त्याचाबी एक कागद छापा. सगळे खदखदून हसले, केशवही हसला.

मग त्याने जोड्या लावल्या. बारा माणसं, सहा जोड्या. आपल्या जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. घरचं माणूस घरच्याला जास्त जपेल, अशा साध्या विचाराने त्याने रखमाजी आणि बद्रीनाथला एकत्र टाकलं.

आता हे पुण्यात शिकून कळत नाही. आपल्याकडे सासरा आणि जावई एका पंगतीला बसतात, पण एका गंमतीला बसत नाहीत. जावई ओसरीवर बिडी ओढत असला तर सासऱ्याने कोपऱ्यावरूनच खाकरायचं, म्हणजे त्याला ती विझवायला वेळ मिळतो. तरीही चुकून दिसलंच, तर ते दिसलेलं नसतं. गेली नऊ वर्षं रखमाजी घनसावंगीला जायचा तो खाकरतच. अशा दोघांनी त्या रस्त्यावर एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही म्हणजे काय! बद्रीनाथ पायातल्या चपलेकडे बघत होता. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार, म्हणून दोघांनीही मान हलवली.

पट्टायाच्या दुसऱ्या संध्याकाळी केशवने सगळ्यांना त्या रस्त्याच्या तोंडाशी सोडलं आणि साडेअकराला इथेच जमा व्हा म्हणून बजावलं. पन्नास पावलं गेले नसतील तोच जावई भुजंगच्या घोळक्यात मिसळला आणि सासरा मागे रेंगाळला. दोघांनी एकमेकांना एक शब्द न विचारता हे जुळवलं, आणि दोघांनाही हायसं वाटलं.

रखमाजी एकटाच चालत राहिला. दिवे एवढे, की रात्र आहे हेच समजेना, आणि गाणी एकाच वेळी वीस ठिकाणची. पोरी स्टुलांवर ओळीने बसल्या होत्या, हसून हाका मारत होत्या. त्यातली एक त्याच्या धाकट्या प्रभावतीच्या वयाची असावी. तिच्या कपाळावर घाम होता आणि हसू संपलं की ती पायातला बूट काढून टाच चोळत होती. हे बघायला आपण पाकिटं विकली का, असं रखमाजीला वाटलं. तो तिथून जो सटकला तो एका गल्लीच्या तोंडाशी, फळांच्या गाड्याजवळ जाऊन थांबला. तिथे निदान अननस होते.

दहाच्या सुमाराला त्याने सहज समोर पाहिलं. पलीकडे एका दारावर दिव्यांचा हिरवा हत्ती होता, आणि दाराच्या आत अरुंद जिना. त्या जिन्याकडे दोन माणसं बद्रीनाथला नेत होती. दोघांनी दोन्ही बाजूंनी काखेत हात घातले होते आणि त्याचे पाय धड पडत नव्हते. त्याची मान रखमाजीकडे वळली. त्याने हात वर केल्यासारखा केला.

रखमाजीने रस्त्याकडे पाठ केली.

एका क्षणाचाही विचार त्याला करावा लागला नाही. नऊ वर्षांची सवय होती. चिरून ठेवलेल्या पपईकडे तो बघत राहिला, आणि पुन्हा वळला तेव्हा जिना रिकामा होता. मग त्याला राग आला. पोरीचा नवरा झिंगून परक्या मुलखात माडी चढतो, आणि आपण ते बघतो! पण रागाच्या खाली एक समाधानही होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. आपण वेळेवर तोंड फिरवलं. आता जावयाला उद्या आपल्याकडे बघता येईल. त्या समाधानातच तो सगळ्यांच्या आधी हॉटेलवर गेला आणि माळ मोजता मोजता झोपला.

सकाळी नाश्त्याला बद्रीनाथ नव्हता. भुजंग त्याच्याच खोलीत झोपायचा. तो म्हणाला, अंथरूण जसंच्या तसं हाय. रात्री साडेअकराला दोघं-तिघं कमी होते, तर ते आधीच रिक्षाने गेले असतील असं धरून सगळे परतले होते. केशवच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने एकेकाला विचारलं, शेवटचं कुणी पाहिलं, कुठे पाहिलं. रखमाजीची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मी लवकर आल्तो, साहेब." तेही खरंच होतं. भुजंगने आपला अंदाज ठोकून दिला, की समुद्राकडं हवा खायला जातो म्हणत व्हता. झालं, सगळी वरात समुद्राकडे निघाली.

रखमाजी मात्र हॉटेलच्या दारातल्या बाकावर बसून राहिला. मनाशी तो सारखी एकच गोष्ट घोळवत होता. येईल. दारू उतरली की येईल, खालमानेने येईल, आणि आपण काही विचारायचं नाही. आता सांगितलं तर दहा जणांच्या देखत सांगावं लागेल. भुजंग परतीच्या गाडीतच त्याचं भारूड करेल, आणि आपण अंबडला उतरायच्या आत गोष्ट घनसावंगीला पोचलेली असेल. जावई माडीवर गेला आणि सासरा खाली उभा होता! शिवकन्येने गावात तोंड कसं दाखवायचं? नऊ वाजले, दहा वाजले. अकराला त्याला वाटलं की आता सांगावं, आणि मग वाटलं, आता सांगितलं तर सकाळी का नाही सांगितलं म्हणून विचारतील. तो उठला आणि पुन्हा बसला.

साडेबाराला केशव आला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, चेहरा पांढरा. दक्षिणेला किनाऱ्यावर एका पुरुषाचं प्रेत लागलं होतं. ओळख पटवायला चला, तुम्ही घरचे आहात, एवढंच तो म्हणाला.

बाकाची कड धरून रखमाजी उभा राहिला, आणि जे पाच तास गिळलं होतं ते बाहेर आलं.

"समुद्रात न्हाई तो, साहेब. मी बघितलंय त्याला. रातीच. हिरव्या हत्तीच्या दारात. दोघं जण वर नेत व्हते."

केशवने घड्याळात पाहिलं, मग रखमाजीकडे. "काका, मी सकाळपासून समुद्र शोधतोय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर रखमाजीला बरं वाटलं असतं.

पोलिसांना घेऊन ते त्या दारात गेले. दिवसा तो हत्ती नुसता तारांचा सांगाडा होता. वरच्या मागल्या खोलीत रिकाम्या खोक्यांच्या आड बद्रीनाथ जमिनीवर पडला होता, उजवा हात अंगाखाली दुमडलेला. घड्याळ, अंगठी, पाकीट, पायातले बूटसुद्धा गेले होते. श्वास चालू होता. किनाऱ्यावरचं प्रेत दुसऱ्याच कुणाचं होतं, पण ते कळायलाही संध्याकाळ झाली.

दवाखान्यात डॉक्टर बोलत होते आणि केशव मराठीत सांगत होता, रखमाजीकडे न बघता. पोटात दारू नाही. शुद्ध हरपण्याचं औषध आहे. जीव वाचला. पण चौदा-पंधरा तास हात अंगाखाली दबून राहिला, नस मेल्यासारखी झाली आहे. मनगट उचलत नाही. महिन्यांनी उचलेल किंवा उचलणारही नाही. जेवढं लवकर काढलं असतं तेवढं बरं झालं असतं. हे शेवटचं वाक्य केशवने सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण त्याने ते सांगितलं.

दारू नाही. रखमाजी ते दोन शब्द घेऊन बाहेरच्या बाकावर किती वेळ बसला कुणास ठाऊक. रात्रीपासून त्याने ज्या माणसाला मनातल्या मनात माफ केलं होतं, त्याने काही केलंच नव्हतं.

दिवेलागणीला बद्रीनाथ नीट शुद्धीवर आला. सासऱ्याला बघून त्याने सवयीने उठून बसायचा प्रयत्न केला. उजवा हात पांघरुणावर तसाच लोंबत राहिला, त्याने तो डाव्याने उचलून मांडीवर ठेवला.

"मामा, मी प्यालो न्हाई," तो आधी म्हणाला. "तुम्ही एकलेच मागं राह्यले म्हणून भुजंगला सोडून तुम्हाला बघायला आल्तो. तहान लागल्ती. एकानं इंडिया, इंडिया म्हणत खांद्यावर हात टाकला, सरबताची बाटली दिली. मंग पायच गेले माझे."

रखमाजीने पांघरुणाची कड सरळ केली.

"तुम्ही दिसले मला. फळाच्या गाड्यापाशी. जीभ हालंना, म्हणून हात वर केला." मग त्याने विचारलं, "तुम्हाला दिसलो न्हाई का मी?"

"गर्दी लई व्हती," रखमाजी म्हणाला.

बद्रीनाथने मान हलवली. खरंच व्हती, म्हणाला, आणि डोळे मिटले. माळ घातल्यापासून रखमाजी खोटं बोलला नव्हता असं नाही, दुकानदार माणूस. पण असं खोटं तो कधी बोलला नव्हता.

परतीच्या वाटेवर सगळ्यांनी मिळून एक गोष्ट पक्की केली, की बसच्या पायरीवरून पाय घसरला, आणि फोनवर घरीही तेच कळवलं. भुजंगनेही शपथ घेतली, आणि या वेळी तो हसला नाही. केशव ऑफिसात काय लिहून देणार ते कुणी विचारलं नाही.

जालन्याच्या स्टेशनवर गाडी सकाळी लागली. शिवकन्या घनसावंगीहून पहाटेच्या जीपने आली होती. नवऱ्याचा गळ्यात अडकवलेला हात तिने पाहिला, बोटांना बोटं लावून पाहिली, ती वळत नव्हती. रडू आवरायला तिला थोडा वेळ लागला. मग ती बापाच्या पाया पडायला वाकली.

"आबा, तुम्ही संगं व्हते म्हणून हे घरी आले," ती म्हणाली. "मी आईला तेच म्हनलं. आबा हायेत, मंग काय भेव."

तिचं डोकं अजून त्याच्या पायावर होतं. रखमाजीला ते सहन झालं नाही. त्याने तिला खांद्याला धरून उभं केलं.

"मी बघितलं व्हतं, शिवकन्या. बसवरून न्हाई पडले हे. दोघं जण ओढून नेत व्हते, ह्यांनी हात केला, अन् मी पाठ फिरवली. सकाळीबी दुपारपर्यंत कोणाला सांगितलं न्हाई. तेवढ्यात हात गेला."

भुजंगने हातातली पिशवी खाली ठेवली. बद्रीनाथ सासऱ्याकडे बघतच राहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याने असं सरळ बघितलं असेल.

"काहून?" शिवकन्येने विचारलं.

"जावई हाय. माडीवर चाललाय वाटलं. म्हनलं, लाज राखावी."

"कोणाची?"

फलाटावर हमालांची ये-जा चालली होती. त्यांना वाट द्यायला रखमाजी एक पाऊल मागे सरला.

"माझी," तो म्हणाला.

शिवकन्येने नवऱ्याची बॅग उचलली, त्याचा डावा हात धरला आणि ती बाहेर रिक्षांकडे निघाली. चार पावलांवर थांबून ती म्हणाली, "आईला तुम्हीच सांगा हे. मी न्हाई सांगणार." मग ती दोघं रिक्षात बसली आणि बसस्टँडकडे गेली.