शेकोटीजवळची रिकामी जागा

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या पबमध्ये मी राहतो. पब म्हटल्यावर तुमच्या घरची मोठी माणसे नाक मुरडतील. पण आमच्याकडे रानातून दमून आलेला माणूस घरी जाण्याआधी इथेच टेकतो. सुताराने मला याच खोलीत घडवले. दारातून येणारा वारा झोंबू नये म्हणून माझी पाठ थेट छतापर्यंत नेली. माझे एक टोक शेकोटीला लागून आहे, दुसरे दाराशी. त्या टोकाला मात्र गारठा पोचतोच.

मालकीण हेस्टरबाई तळघरातल्या पिंपातून बिअर आणून ज्याच्या त्याच्या मगात ओतायची. पाइपच्या धुराने छत चहासारखे तपकिरी झाले होते. ते रंगवायचे कोणी नाव काढले, की ती अंगावर धावून यायची.

माझ्यावर बसायची एक रीत होती. नवा माणूस दाराशी बसे, सर्वांत जुना शेकोटीशी. जुन्यांपैकी कोणी देवाघरी गेला, की दफन आटोपून बाकीचे इथे येत, आपापल्या जागी बसत आणि मालकिणीकडे बघत. ती म्हणे, "सरका." मग एकेक जण उबेकडे सरके. आपणहून कोणी हलत नसे. मेलेल्याच्या जागेवर डोळा होता, असे दिसले असते ना!

शेवटी तिघेच उरले. मेंढपाळ आयझॅक शेकोटीशी, जोएल लोहार मधे आणि झुडपांची कुंपणे विणणारा विल्फ दाराशी.

"काय रे विल्फ, गारठलास?" आयझॅक मुद्दाम पाय पसरून विचारी. "मी मरायची वाट बघतोयस ना?"

"तुम्ही कसले मरताय, दादा! देवालासुद्धा तुमची कटकट नकोय."

"ऐकलंत, हेस्टरबाई? याला दाराबाहेर बसवा!"

किती हसायचे ते! त्यांच्या हसण्याने माझ्या फळ्या हलत.

मग हेस्टरबाईच गेली. शहरातून तिची भाची मॉरीन आली. पोरगी मनाची चांगली होती, पण तिला इथले काही ठाऊक नव्हते. पुढे आयझॅक गेला. दफनानंतर जोएल आणि विल्फ आपापल्या जागी बसून तिच्याकडे बघत राहिले.

"आणखी ओतू का?" तिने विचारले.

दोघांनी आपापले मग पुढे केले. वर्षभरात जोएलही गेला.

मग विल्फ एकटाच दाराशी बसू लागला. उरलेला मी सगळा रिकामा.

"विल्फकाका, शेकोटीजवळ बसा की. किती खोकताय!"

"बरंय इथं, पोरी."

"हट्टी आहात हं."

"आहेच," म्हणून तो कोट आवळून घेई. त्याची नजर मात्र विस्तवावर असे. अशी जागा मागून घ्यायची नसते, हेच तो इथे शिकला होता. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो!

शेकोटीकडे कोणीच बसत नाही, तर हा बाक हवा कशाला, असे मॉरीनला वाटले. मला कापून तिथे जेवणाची टेबले मांडायचे तिने ठरवले. त्याच हिवाळ्याच्या अखेरीस विल्फच्या छातीने दगा दिला.

त्याला मूठमाती दिल्यावर सुतार आला आणि त्याने माझ्या दाराकडच्या टोकाला करवत लावली. इतक्यात आयझॅकची बायको मार्था आत आली.

"अगं, शेवटी तरी विल्फ शेकोटीशी बसला ना?"

"कुठं! दाराशीच. किती वेळा सांगितलं, तिकडे बसा म्हणून."

"पण 'सरका' म्हणालीस का?"

मार्थाने तिला रीत सांगितली. ऐकता ऐकता मॉरीनने सुताराचा हात धरला. मग हेस्टरबाई उभी राहायची तिथे ती जाऊन उभी राहिली. डोळ्यांना लावायला पदर नव्हता, तिने बाहीच लावली.

"सरका, विल्फकाका," ती म्हणाली.

शेकोटी छान पेटली होती. सरकायला कोणीच नव्हते.

करवतीची ती खूण अजून माझ्या अंगावर आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण नुसत्या पुसून ठेवू नका. त्यांची रीत जुन्या माणसांना विचारा, ती माणसे आहेत तोवर. आणि कोणी दाराशी कुडकुडत बसलेला दिसला, तर तो मागेल याची वाट पाहू नका. त्याला आत बोलवा.