वाळवंटातल्या पाच बाटल्या

वाळवंट बघायला निघताना विभावरीबाईंनी पाण्याच्या पाच बाटल्या भरल्या आणि नातीच्या जॅकेटच्या खिशात हळूच एक कांदा सरकवला. जवळच्या पुकेकोहे गावचा, चांगला मुठीएवढा. जानेवारी म्हणजे इथे दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळा. ऊन बाधू नये म्हणून पोरीजवळ कांदा असलेला बरा.

चौतीस वर्षं त्यांनी पुण्याच्या शाळेत भूगोल शिकवला होता, पण नकाशावरच्या पिवळ्या रंगापलीकडे वाळवंट कधी पाहिलं नव्हतं. परदेशात, पापाकुराला मुलाकडे येऊन पाच महिने होत आले होते. शंतनू आणि सून अनुया सकाळीच कामावर जात. मग दिवसभर बाई बोलत, ते कुकरशीच. दहा वर्षांच्या इराला आजीचं मराठी सगळं कळायचं. उत्तर मात्र इंग्रजीतून, तेही एका शब्दाचं, आणि कानांवर लगेच हेडफोन.

गुरुवारी परतीचं विमान होतं. त्याआधी इरानं एकदा आपल्याशी नीट बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं. मुलांपर्यंत पोचायचा त्यांना ठाऊक असलेला रस्ता एकच, शिकवणं. म्हणून त्यांनी हट्टच धरला, रंगीपोचं वाळवंट बघायचं.

चार तासांच्या प्रवासात त्यांनी अख्खा धडा घेतला. "वर्षाला पंचवीस सेंटिमीटरहून कमी पाऊस पडतो, ते वाळवंट. पाऊस नाही, म्हणून झाडं नाहीत. कळलं का, इरा?"

मागच्या सीटवर इरा कानांवर हेडफोन चढवून खिडकीबाहेर बघत होती.

"आई, जरा दम घे," शंतनू हसला. "परीक्षा नाहीये तिची."

रस्त्याकडेला गाडी थांबली. दार उघडताच तोंडावर गार पावसाचा सपकारा बसला. समोर काळपट-तांबूस राख, खुरट्या गवताचे पुंजके आणि विजेचे मनोरे. घर म्हणून कुठे नाही. ज्वालामुखीचा डोंगर दिसायला हवा तिथे नुसता ढग. बाईंच्या पायांत सँडल होत्या आणि डोक्यावर उन्हाची टोपी.

"आजी, इट्स रेनिंग," इरा म्हणाली. "यू सेड पाऊस नसतो."

ऐकत होती तर! पण नेमका धडाच चुकला होता.

थंडीनं इरानं खिशात हात घातला. "व्हॉट द... कांदा? आजी, कांदा का?"

"ऊन लागू नये म्हणून गं."

शंतनू पोट धरून हसला. "आई, इथं कांद्यापेक्षा कानटोपी आणायचीस!" आणि कुडकुडत तो गाडीत जाऊन बसला.

बाई तिथंच उभ्या राहिल्या. "एवढा पाऊस पडतो, मग उजाड का?" त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं.

इरा ते शाळेत शिकली होती. तिनं इंग्रजीतून भराभर सांगून टाकलं.

"मला नाही कळलं, बाळा. मराठीत सांग. हळू."

इरा अडली. मग तिनं आजीच्या पिशवीतून एक बाटली काढली, झाकण उघडलं आणि पाणी राखेवर ओतलं. बघता बघता ते आत गेलं.

"बघ. पाणी पडतं. हीप्स. खूप. पण थांबत नाही. झाडाला... मिळत नाही."

"परत दाखव."

दुसरी बाटली. "डोंगर फुटला ना, तेव्हा सगळे झाड जळला. बी पण."

'झाडं जळली' अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी ते गिळून टाकलं.

"मग नवं बी का रुजत नाही?"

"वारा येतो. उडून जातं." तिसरी बाटली. चौथी. इरा आता गुडघ्यांवर बसली होती, ओल्या केसांनी, वर्गातल्या बाईंसारखी. "नीट बघ ना, आजी. तुझं लक्ष नाहीये!"

"आहे गं. एकदाच परत."

पाचव्या बाटलीचा शेवटचा थेंब राखेत शिरला.

"आता कळलं?"

त्यांना पहिल्याच बाटलीत कळलं होतं. पण सहावी बाटली नव्हती.

"कळलं," त्या म्हणाल्या.

"स्वीट अ‍ॅज," असं इथल्या पोरांचं 'झकास' म्हणत इरा गाडीकडे पळाली. काचेआड तिनं हेडफोन चढवलेले बाईंना दिसले.

वाकून त्यांनी एकेक रिकामी बाटली गोळा केली, झाकणं लावली. पाणी कुठे ओतलं होतं, ते आता पावसात ओळखूही येत नव्हतं.